तळघरातल्या तेवीस जणी

छंद कुणाला कशाचा असावा याला काही नियम नाही. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, कुणी नाणी, कुणी काडेपेट्यांचे छाप. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर अडकित्ते, दिवे, वज्र्या अशा रोजच्या वापरातल्या वस्तू एका माणसाने किती मायेने जमवल्या हे बघून थक्क व्हायला होतं. पण 'मी जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवते' असं सांगितलं की समोरची बाई आधी हसते आणि मग विचारते, "म्हणजे केर काढायची मशीनं? ती कशासाठी हो?"

मैत्रिणींनो, या 'कशासाठी'चं उत्तर द्यायला आज लिहायला बसले आहे.

माझं माहेर कराडचं. लग्न होऊन १९८७ साली अमेरिकेत आले ती ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन या गावी. अ‍ॅक्रन म्हणजे टायरचं गाव. आमचे हे रबरातले इंजिनिअर, म्हणून इथे आलो आणि इथलेच झालो. इथल्या बहुतेक घरांना असतं तसं आमच्याही घराला खाली तळघर आहे. त्या तळघरात आज तेवीस जुने व्हॅक्यूम क्लीनर ओळीने उभे आहेत. हे गमतीने त्यांना 'तुझ्या तेवीस जावा' म्हणतात. मी आपली 'जणी' म्हणते, कारण यातलं प्रत्येक मशीन कुठल्या ना कुठल्या बाईच्या हातून माझ्याकडे आलं आहे.

लादीला सोंड, गालिच्याला दांडा

आपल्याकडे व्हॅक्यूम क्लीनर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो बसका डबा. खाली चाकं आणि पुढे हत्तीसारखी लांब सोंड. १९८२ साली युरेका फोर्ब्स कंपनी सुरू झाली, तिचे टाय लावलेले विक्रेते दारोदार फिरायला लागले आणि हाच नमुना आपल्या मनात पक्का बसला.

माझ्याकडचे सगळे 'उभ्या' जातीचे. खाली लोखंडी इस्त्रीपेक्षा थोडी मोठी पेटी, तिच्यात मोटर आणि गोल फिरणारा ब्रश. वर कमरेपर्यंत येणारा दांडा आणि त्या दांड्याला टांगलेली कापडी पिशवी. बटण दाबलं की पिशवी पुरीसारखी टम्म फुगते. ब्रश गालिच्यातली धूळ वर उचलतो, पंखा ती ओढून घेतो आणि पिशवीत फेकतो. हवा कापडातून बाहेर जाते, धूळ आत राहते. तत्त्व एवढंच.

हा प्रकार आपल्याकडे रुळला नाही, त्याचं कारण आपल्या जमिनी. शेणाने सारवलेली असो, कोबा असो, शहाबादी फरशी असो की आताच्या चकचकीत टाइल्स, केरसुणी फिरवली आणि ओलं फडकं मारलं की काम झालं. इथे मात्र भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा. तो उचलता येत नाही, धुता येत नाही आणि त्याच्यावर केरसुणी चालवली तर धूळ फक्त जागा बदलते. मी आले तेव्हा भाड्याच्या घरात असाच लालसर गालिचा होता. पहिल्याच आठवड्यात समोरच्या घरातली आजी आपला हूवर ढकलत घेऊन आली आणि म्हणाली, "घे, माझं आजचं झालं." सहा महिने आम्ही दोघींनी एकाच मशीनवर काढले. पुढे ती वृद्धाश्रमात गेली तेव्हा ते मशीन मलाच देऊन गेली. माझ्या तेवीस जणींतली ती थोरली. दर लक्ष्मीपूजनाला आपण नव्या केरसुणीला हळद-कुंकू वाहतो ना, तसं मी तिला वाहते. केरसुणी ही लक्ष्मी असेल तर ही कोण?

दमा, उशीचा अभ्रा आणि सुझन

ओहायो हे उभ्या क्लीनरचं माहेर आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. हूवर, किर्बी, रॉयल ही तिन्ही नावं याच राज्यातली. त्यातली हूवरची कथा तर आमच्या घरापासून अर्ध्या तासावर घडलेली.

१९०७ साली कँटन गावातल्या एका मोठ्या दुकानात जेम्स मरे स्पँगलर नावाचा, साठीला टेकलेला माणूस झाडलोट करायचा. गालिचे झाडताना धूळ उडायची आणि त्याचा दमा उसळायचा. नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. मग त्याने एका पंख्याची मोटर घेतली, ती साबणाच्या खोक्यात बसवली, खोक्याला झाडूचा दांडा जोडला आणि मागे धूळ गोळा करायला उशीचा अभ्रा बांधला. आजच्या उभ्या क्लीनरची सगळी अंगं त्यात होती. २ जून १९०८ रोजी त्याला त्याचं पेटंट मिळालं.

धूळ ओढून घेणारी यंत्रं त्याच्या आधीही होती. लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथने १९०१ मध्ये असं यंत्र केलं होतं. पण ते केवढं धूड! घोडागाडीवर चढवून आणायचं, गाडी रस्त्यात उभी करायची आणि लांबच लांब नळ्या खिडकीतून घरात सोडायच्या. १९०२ साली राजा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या वेळी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमधला गालिचा याच यंत्राने साफ केला होता. ते चालवायला माणसांचा ताफा लागायचा. स्पँगलरने तेच काम एका माणसाच्या दोन हातांत आणून ठेवलं. ही 'एका माणसाची' गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्पँगलरकडे कल्पना होती, पैसा नव्हता. त्याने एक यंत्र सुझन हूवर या ओळखीच्या बाईंना वापरायला दिलं. त्यांनी ते आपल्या घरात फिरवून बघितलं आणि नवऱ्याच्या कानावर घातलं. नवरा विल्यम हूवर, त्याचा घोड्यांचे लगाम, खोगीर अशा चामडी सामानाचा कारखाना. रस्त्यावर मोटारी दिसू लागल्या होत्या, घोड्यांचे दिवस भरत आले होते. त्याने पेटंट विकत घेतलं, स्पँगलरलाही धंद्यात ठेवलं आणि १९०८ मध्ये चामड्याच्या कारखान्याच्या एका कोपऱ्यात क्लीनर बनू लागले. पहिल्या मॉडेलचं नाव 'ओ'. वजन सुमारे १८ किलो आणि किंमत ६० डॉलर! १९१४ मध्ये हेन्री फोर्डने कामगारांना दिवसाला ५ डॉलर देऊ केले तेव्हा तो मोठा पगार म्हणून गाजला. त्या गाजलेल्या पगारानेही हे बारा दिवसांचे पैसे झाले.

एवढी महाग वस्तू खपवायची कशी? ५ डिसेंबर १९०८ च्या 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट'मध्ये जाहिरात आली की दहा दिवस घरी फुकट वापरून बघा. दारात येऊन प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या सगळ्या विक्रेत्यांचं मूळ असल्या युक्त्यांत आहे.

इंग्लंडमध्ये तर हे नाव इतकं रुजलं की केर काढण्याचं क्रियापदच 'हूवर करणं' झालं. आपण कुठल्याही छायाप्रतीला 'झेरॉक्स' म्हणतो आणि वनस्पती तुपाला 'डालडा', तसंच. नाव नवऱ्याचं झालं. पण ही वस्तू घरात चालेल की नाही, हे पहिल्यांदा ओळखलं ते सुझनने. कारण नवऱ्याला लगामातलं कळत होतं, गालिच्यातलं कळत होतं ते तिला.

माझ्या ओळीच्या टोकाला एक लाकडी ढकल-झाडूही आहे. तो विजेवर चालत नाही म्हणून तेवीसांत धरत नाही, पण त्याचा मान मोठा आहे. मिशिगन राज्यात बिसेल पतिपत्नींचं चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान होतं. पेट्यांमधला भुसा गालिच्यात अडकून बसायचा, म्हणून मेल्व्हिल बिसेलने १८७६ साली या ढकल-झाडूचं पेटंट घेतलं. १८८९ मध्ये तो वारला आणि त्याची बायको अ‍ॅना हिने पदरात मुलं असताना अख्खा कारखाना हातात घेतला आणि वाढवला. अमेरिकेत मोठी कंपनी चालवणाऱ्या अगदी पहिल्या बायकांत तिचं नाव घेतलं जातं.

एकेकीची तऱ्हा

आता माझ्या जणींची थोडी ओळख करून देते.

सगळ्यात जुनी १९२० च्या दशकातली. तिचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं. आणली तेव्हा काळीठिक्कर पडली होती. आपल्याकडे चिंच-मीठ लावून तांब्याचा बंब घासतात तसा नेट लावून मी ती आठ दिवस पॉलिशने घासत होते. १९२६ मध्ये हूवरने फिरणाऱ्या ब्रशबरोबर धातूच्या पट्ट्या बसवल्या. त्या गालिच्याला टकटक मारतात आणि खोल गेलेली वाळू वर आणतात. 'आपटते, झाडते, साफ करते' अशा अर्थाची कंपनीची जाहिरात १९१९ पासून घरोघरी माहीत होती. पट्ट्या आल्यावर ती आणखी खरी झाली.

या वयाच्या मशीनांची आणखी एक गंमत. त्या काळी घरात वीज असली तरी ती दिव्यापुरती असायची, भिंतीत प्लग नसायचे. मग छताचा बल्ब काढायचा आणि त्याच होल्डरमध्ये क्लीनरची वायर पिळून बसवायची. म्हणजे अंधारात झाडा! आणि हे सुख शहरातलं. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या दर दहा शेतघरांपैकी नऊ घरांत वीजच नव्हती. हे वाचलं तेव्हा मला खरं सांगू का, बरं वाटलं. लोडशेडिंगच्या वेळा बघून मिक्सर फिरवणाऱ्या माझ्या वहिनीला मी ते लगेच फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे सगळ्यांचं सारखंच म्हणायचं. थोडं पुढे-मागे."

माझी सगळ्यात देखणी म्हणजे १९३६ चं मॉडेल १५०. हेन्री ड्रायफस या प्रसिद्ध डिझायनरने घडवलेली. अमेरिकेतल्या जुन्या सिनेमांत दिसणारा तो काळा डायलचा टेबलफोन आहे ना, त्याला १९३७ मध्ये रूप देणाराही हाच. तोपर्यंत क्लीनर उघड्या मोटरसारखे ओबडधोबड दिसायचे. याने सगळी यंत्रं बेकलाइटच्या गुळगुळीत टोपाखाली झाकली आणि अंग हलक्या मॅग्नेशियमचं केलं. पिशवी भरली की ती रिकामी करा म्हणून सांगणारी खूणही तिच्यात आहे.

१९४२ मध्ये दुसऱ्या महायुद्धामुळे कारखान्याने क्लीनर बनवणं थांबवलं आणि युद्धाचं सामान करायला घेतलं. नवं मिळेना, तेव्हा बायकांनी जुन्याच मशीनांची डागडुजी करकरून दिवस काढले. माझ्याकडच्या एकीची पिशवी चार वेगवेगळ्या कापडांनी रफू केलेली आहे. टाके इतके बारीक की आमच्या आईने शाबासकी दिली असती.

१९५७ चं हूवर 'कन्व्हर्टिबल' मॉडेल इथे घरोघरी असायचं. माझी थोरली त्याच कुळातली. आणि किर्बी म्हणजे घरातली कर्ती बाई. वजनाला जड, आवाजाला मोठी, पण कामाला वाघ. ती दुकानात मिळायची नाही, विक्रेता घरी येऊनच विकायचा.

जुन्या मशीनांचं दुखणं बहुतेक वेळा तीन-चार ठिकाणीच असतं. मोटरचा फेरा ब्रशला पोचवणारा रबरी बेल्ट सैल पडतो, मग ब्रश फिरत नाही आणि जळक्या रबराचा वास येतो. मोटरमधले कार्बन झिजतात. धूळ पंख्यातूनच जात असल्याने नाणं किंवा आकडा आत गेला की पंख्याचं पातं तुटतं. आणि ब्रशला केस गुंडाळले जातात, ते कात्रीने कापून काढावे लागतात. बेल्ट कसा चढवायचा हे मला कँटनच्या एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याने शिकवलं. आमच्या ह्यांनी नाही, रबरातले इंजिनिअर असूनसुद्धा!

पिशव्या रिकाम्या करताना काय काय सापडतं म्हणून सांगू? बटणं, केसांचे आकडे, चित्रकोड्याचा एखादा तुकडा, ख्रिसमसच्या झाडाच्या वाळक्या सुया, दुधाचा दात. हे सगळं मी लोणच्याच्या छोट्या बरण्यांत वेगवेगळं ठेवते.

या छंदात मी एकटी नाही बरं का. अमेरिकेत जुन्या क्लीनरवाल्यांचा क्लबसुद्धा आहे. सेंट लुईसच्या फॉक्स थिएटरात ऑर्गन वाजवणारा स्टॅन कॅन हा त्यातला सगळ्यात नामवंत. 'द टुनाइट शो' या टीव्ही कार्यक्रमात तो सत्तरहून अधिक वेळा गेला आणि आपली जुनी मशीनं चालवून दाखवताना लोकांना हसवून हसवून बेजार करायचा. २००८ मध्ये तो वारला. मला भेटलेले बहुतेक संग्राहक पुरुषच. मोटर किती अँपिअरची, पंखा कोणत्या धातूचा, रंग मूळचा की नंतरचा, यावर ते तासन्‌तास बोलतात. मी आपली विचारते, "हे कोण चालवायचं?" त्यावर बऱ्याचदा गप्पा थांबतात.

सतरंजीला चार हात

मी हे का विचारते, ते सांगते.

आपल्याकडे दिवाळीच्या आधी सतरंज्या झटकतात. एक टोक आईच्या हातात, दुसरं मुलाच्या नाहीतर बाबांच्या. एकटीला ती झटकता येतच नाही. गाद्या गच्चीवर न्यायच्या तर घरातला गडी माणूस हवाच. इथेही तसंच होतं. क्लीनर येण्याआधी वर्षातून एक-दोनदा अख्खं घर कामाला लागायचं. पुरुष आणि पोरं गालिचे उचलून अंगणात न्यायची, दोरीवर टाकायची आणि वेताच्या बडवणीने धोपटायची. धूळ सगळ्यांच्या नाकातोंडात जायची, पण काम सगळ्यांचं होतं.

मग मशीन आलं. एका माणसाच्या हातात मावणारं. आणि तो 'एक माणूस' कोण, हे कुणी ठरवायच्या आधीच ठरून गेलं. गालिचा उचलायला नको म्हणून पुरुष सुटले, पोरं सुटली. वर्षातून दोनदा होणारं काम आठवड्याला आलं, काही घरांत रोजचं झालं. घर अधिक स्वच्छ झालं यात वाद नाही. पण दांड्यावर हात राहिले दोनच.

हे काही माझं मनाचं नाही. रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३ साली यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचाच अर्थ 'आईला आणखी काम' असा होतो. त्याच्याही आधी, १९७४ मध्ये, जोअ‍ॅन व्हॅनेक यांनी जुन्या-नव्या पाहण्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. नोकरी न करणारी अमेरिकन गृहिणी १९२४ मध्ये आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करत होती. मधल्या काळात घरोघरी क्लीनर, धुण्याची मशीनं, फ्रीज सगळं आलं. १९६० च्या दशकात तिचे तास किती झाले असतील? सुमारे ५५! कष्टाची जात बदलली, अंगमेहनत कमी झाली, पण घड्याळ काही हललं नाही.

मैत्रिणींनो, म्हणून मी मशीनला दोष देत नाही. दम्याने बेजार झालेल्या एका सफाईवाल्याने ते केलं, माझ्यासारखीच्या पाठीचा त्याने दुवा घेतला. आता तर कराडलाही गोल थाळीसारखा रोबो जमिनीवर फिरताना दिसतो. पण वस्तू घरात येते तेव्हा एक प्रश्न बरोबर येतो आणि तो खोक्यावर छापलेला नसतो. हे चालवणार कोण?

टोपाखालची पट्टी

इथे घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं घर विकायला काढतात. त्याआधी दोन दिवस दारं उघडी ठेवून प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी लावतात. चहाच्या कपापासून कपाटापर्यंत सगळं. याला इस्टेट सेल म्हणतात. माझी निम्म्याहून अधिक मशीनं अशा घरांतूनच आली. चांदीची भांडी आणि दागिने पहिल्या तासात जातात. केर काढायचं मशीन जिन्याखाली पडून असतं. पाच डॉलर, कधी दोन, कधी 'फुकट न्या'.

अशाच एका घरातून मी एक हूवर उचलला. मुलगा साठीचा असेल. म्हणाला, "आईचा आहे. चालतो की नाही माहीत नाही." घरी आणून मी बेल्ट बघायला पेटी उलटी केली, तर आत पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनने तारखा लिहिलेल्या. बेल्ट बदलल्याच्या तारखा. पहिली १९५८ ची. मग दर एक-दोन वर्षांनी एक. पट्टी भरली की शेजारी दुसरी चिकटवलेली. वळणदार, एकसारखं अक्षर. त्या बाईने आयुष्यभरात आणखी कुठे काय लिहून ठेवलं असेल, मला माहीत नाही. पण तीस वर्षांच्या कामाची ही नोंद तिने ठेवली होती, तीही कुणाला दिसणार नाही अशा जागी.

आणि शेवटच्या चार तारखा वेगळ्या अक्षरात होत्या. मोठं, थरथरतं अक्षर.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी सेल संपायच्या आत मी पुन्हा त्या घरी गेले आणि मुलाला मोबाइलवरचा फोटो दाखवला. तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हे वडिलांचं अक्षर आहे. आईला अर्धांगवायू झाल्यावर ती खुर्चीत बसायची आणि बाबा मशीन चालवायचे. त्याआधी त्यांनी दांड्याला हात लावलेला मी कधी पाहिला नव्हता. ती बसल्या जागेवरून सांगायची, कोपरा राहिला, कोपरा राहिला."

मी त्याला म्हटलं, "मशीन परत घेऊन जा." तो म्हणाला, "माझ्याकडे ठेवायला जागा नाही. तुम्हीच ठेवा. पण ती पट्टी काढू नका." मी ती काढली नाही. बेल्ट मी बदलला आणि खाली माझी तारीख मराठीत घातली.

चिठ्ठी

नॉर्थ कँटनमध्ये विल्यम हूवरच्या लहानपणीच्या घरात १९७८ मध्ये एक संग्रहालय सुरू झालं. २००४ मध्ये त्याची व्यवस्था वॉल्श विद्यापीठाकडे गेली. कराडहून कुणी आलं की मी त्यांना तिथे हौसेने नेत असे. मॉडेल कुठलं, साल कुठलं, शोध कुणाचा, हे तिथे छान समजायचं. जवळच हूवरचा कारखाना होता. जवळजवळ शंभर वर्षं आसपासच्या घरांच्या चुली त्याच्यावर पेटल्या. २००७ मध्ये कंपनी हाँगकाँगच्या टीटीआयने घेतली आणि तिथला कारखाना बंद झाला. त्या साली इथल्या किराणा दुकानातसुद्धा लोक हळू आवाजात बोलत होते. कारखान्यात मशीन जोडणाऱ्यांत बायकाही होत्या. म्हणजे एकीने जोडलं, दुसरीने आयुष्यभर ढकललं, आणि पाटीवर नाव तिसऱ्याच कुणाचं!

तेव्हापासून मी माझ्या प्रत्येक मशीनच्या दांड्याला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधते. मॉडेल आणि साल लिहितेच. पण त्याच्या वर लिहिते की कुणाच्या घरातलं, तिचं नाव काय, ती आणखी काय करायची. एक शाळेत शिकवायची, एकीला सात मुलं, एक रात्रपाळीची नर्स होती आणि दुपारी झाडायची. माहिती मिळाली नाही तर जागा कोरी ठेवते. तेवीसांपैकी नऊ चिठ्ठ्या अजून कोऱ्या आहेत, त्याचीच मला जास्त चुटपुट लागते.

परवा लेक म्हणाली, "आई, तुझ्यानंतर या सगळ्यांचं काय करायचं गं?" प्रश्न रास्त आहे. तिच्या घरात गालिचा नाही, लाकडी जमीन आहे आणि झाडण्याच्या पाळ्या जावई आणि तिने वाटून घेतल्या आहेत. मी म्हटलं, "मशीनं कुणालाही दे. ज्याला मोटर आवडते त्याला दे. चिठ्ठ्या मात्र सोडू नकोस."

तुमच्याही माळ्यावर काहीतरी पडलेलं असेल. जातं, पाटा-वरवंटा, पायाने चालवायचं शिलाई मशीन, वातीचा स्टो. भंगारवाल्याला द्यायचं तर खुशाल द्या, घरं लहान झाली आहेत. पण देण्याआधी सासूबाईंना, आत्याला, मावशीला एकदा विचारून घ्या की हे कोण वापरायचं, दिवसातून किती वेळ, तिला आणखी काय आवडायचं. वहीच्या एका पानावर लिहून ठेवा. तारीख घालायला विसरू नका.

आणि येत्या दिवाळीला सतरंजी झटकायला काढाल तेव्हा एकटीने कठड्यावर आपटत बसू नका. घरात जो कुणी असेल त्याला हाक मारा आणि दुसरं टोक त्याच्या हातात द्या.